ओळख पटवणारा हवालदार

कोर्टातल्या कारकुनाच्या खिडकीबाहेर, बाकावर तो मला भेटला. नामांतराच्या मोर्च्यांत आम्हा दोघांनाही पोलिसांनी उचललं होतं. दोघंही निर्दोष सुटलो होतो आणि जामिनासाठी भरलेले पैसे परत मागायला खेटे घालत होतो. एव्हाना विद्यापीठाचं नाव बदललं होतं. कारकुनाचं "उद्या या" काही बदललं नव्हतं.

तो पाचोडचा, चितेगावच्या कंपनीत कामाला. दर खेपेला त्याचा एक खाडा पडायचा. पावती तो दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून टोपीत ठेवायचा. खिडकीशी गेला की पावतीसाठी टोपी काढायचा. कारकुनाला वाटायचं, आपल्याला मान देतोय.

त्या दिवशी कारकून म्हणाला, "पावती खरी आहे. पण तूच तो कशावरून? ओळख पटवायला कुणीतरी आण."

वकिलानं त्याचीही फी घेतली असती. हा गेला आणि फाटकावरच्या हवालदाराला चहा पाजून घेऊन आला. मोर्च्यात याला पकडणारा हवालदार तोच. साक्षीच्या वेळी "आरोपीला ओळखत नाही" असं सांगणाराही तोच, म्हणून तर हा सुटला होता.

हवालदारानं खिडकीत तोंड घातलं. "हाच तो. हजार माणसांत ओळखीन याला!"

कारकुनानं सही घेऊन पैसे मोजून दिले. नोटा टोपीत ठेवत हा माझ्या कानाशी म्हणाला, "बरं झालं, सायबाला तवा आठवलं नाय."

मी उठलो आणि माझा हवालदार शोधायला निघालो.