भूषणचा आवाज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, पुण्यातल्या मैत्रिणींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या हर्षालीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? खरं तर मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसांपुढे मी फार चांगली मुलगी आहे — प्रेमात फसलेली, तरी खंबीरपणे उभी राहिलेली. ही गोष्ट मीच पसरवली आहे, आणि लोकांनी ती इतक्या मायेनं ऐकून घेतली की आता मलाच ती अर्धी खरी वाटायला लागली आहे.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. धुळ्याहून जळगावला आले होते, एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर नोकरीला. तुम्ही म्हणाल, धुळं ते जळगाव हे काय अंतर आहे? पण घर सोडून आलेल्या मुलीला तेवढं पुरतं. स्वतःचा पगार, स्वतःची चावी, तिघींत मिळून भाड्याची खोली. श्रुती नाशिकची, इंग्लिश मीडियमची. तिचे कपडे, तिचं बोलणं, कंटाळा आल्यावर डोळे फिरवणं — सगळं मी मनात टिपून ठेवायचे आणि आरशापुढे करून बघायचे. दुसरी हर्षाली, पहूरची. बीएड करत होती. साधी, केसांना तेल लावणारी, घरून आलेला डबा तिघींत वाटणारी. तिच्याकडून शिकण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

आमच्या घरी अहिराणी बोलतात. आई, वडील, काका, सगळे. खोलीत मात्र मी म्हणायचे, 'आमच्याकडे मराठीच असते.' आईचा फोन आला की गच्चीवर जायचे. लहानपणी वर्गात 'सगळा'ऐवजी 'बठ्ठा' म्हटल्यावर मला कसं उभं केलं होतं, बाकीच्या मुली कशा हसल्या होत्या, तेही मी तुम्हाला सांगू शकते. पण नको. ते सांगितलं की तुम्ही मला थोडं माफ कराल, आणि त्यासाठी मी लिहीत नाहीये.

भूषण लॅबमध्येच भेटला. आईच्या रक्ताचे रिपोर्ट घ्यायला आला होता. एरंडोलजवळच्या एका गावचा. केळीच्या बागांमध्ये ठिबकच्या नळ्या बसवायचं काम करायचा. हातांवर सतत ओरखडे. त्याची आई काउंटरवर कोपर टेकून उभी होती. तिनं मला विचारलं, "तुनं नाव काय शे, बेटा?" मला प्रत्येक शब्द कळला होता — माझ्या घरातलेच शब्द ते. मी म्हटलं, "काय म्हणालात? मराठीत सांगता का?"

भूषण हसला. त्याला खरंच वाटलं मला कळलं नाही.

पुढं तो येत राहिला. कधी रिपोर्ट, कधी रिपोर्टचं निमित्त. चार-पाच महिन्यांत आम्ही... कसं सांगू? मेहरूण तलावावर संध्याकाळी चालायचो. तो कणीस घ्यायचा आणि मोठा तुकडा मला द्यायचा. नंतर त्याला मी सांगितलं होतं की मला अहिराणी थोडीफार समजते, बोलता येत नाही. हेही खोटंच. तो मला शिकवायचा आणि मी शिकल्याचं नाटक करायचे. माझं चुकलं की तो किती खूश व्हायचा!

टाईप करायचा त्याला कंटाळा. म्हणायचा, बोटं जाड आहेत, दोन अक्षरं एकदम दाबली जातात. म्हणून बोलूनच पाठवायचा. बागेत पाणी सोडून बसला की एखादा मेसेज — मागं मोटरीचा आवाज, पाखरं, आणि मधे तो. मी लॅबच्या मागच्या जिन्यात उभी राहून ऐकायचे. एकेक मेसेज तीन-तीनदा. मला तो आवडत होता, हे मी शपथेवर सांगते. पण खोलीवर मी त्याच्याबद्दल काय सांगितलं होतं? 'एका पेशंटचा मुलगा आहे, मागं लागलाय बिचारा.'

मग तो रविवार. थंडीचे दिवस, खोलीवर भरीत-पुरीचा बेत. श्रुतीच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. जी ती आपल्यावर मरणाऱ्या मुलांचे किस्से सांगत होती. माझ्याकडं कुणी बघतही नव्हतं. आणि तेवढ्यात फोनवर त्याचा मेसेज येऊन पडला.

मी तो सगळ्यांसमोर लावला.

"मी मायले बठ्ठं सांगी टाकं. माय काय म्हने माहीत शे का? म्हने, पोरगी गोड शे. ती उनी म्हंजे घर भरी जाई." आणि मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "माले बी तुनाबिगर करमत नही."

ती आली म्हणजे घर भरून जाईल. असं त्याची आई माझ्याबद्दल म्हणाली होती. जिला मी 'मराठीत सांगता का' विचारलं होतं, ती.

खोलीत हशा पिकला. श्रुती तर गादीवर आडवी झाली. 'अजून एकदा, अजून एकदा!' मी पुन्हा लावला. पहिल्यांदाच त्या खोलीत सगळ्या माझ्याकडं बघत होत्या — काय सुख होतं ते! हर्षाली तेवढी हसली नाही. म्हणाली, "किती मनापासून बोलतोय गं. पुसून टाक ते, असं कुणाचं ऐकू नये." त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की काय सांगू. तिनं माझं सुख नासवलं होतं, आणि शिवाय ती बरोबर होती.

म्हणून मी आणखी पुढं गेले. श्रुतीच्या लॅपटॉपवर ढोलकीचा ठेका लावला, माझ्या फोनवर त्याचा आवाज, आणि लॅबनं दिलेल्या दुसऱ्या फोनवर दोन्ही मिळून रेकॉर्ड केलं. 'घर भरी जाई' आलं की ठेका वाढवायचा — ही कल्पना माझी. तीन वेळा केलं, नीट जमेपर्यंत. आणि इमारतीतल्या मुलींच्या ग्रुपवर टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच अंगठ्यानं टाकलं.

मला वाटलं होतं ते तिथंच राहील? छे, तसं काही वाटलंच नव्हतं. मी विचारच केला नव्हता. किती हसणारे चेहरे आले ते मोजत होते.

ग्रुपवरून ते कुणाच्या भावाकडं गेलं, त्याच्याकडून कॉलेजात, तिथून एरंडोलला. पंधरा दिवसांत त्याच्या गावातल्या पोरांच्या फोनवर ते वाजत होतं. आवाज गावानं ओळखलाच. भूषणला पोरं चिडवायची ते वेगळं. पण त्याची आई एरंडोलच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. तिथं लोक तिच्यासमोर येऊन विचारायला लागले, "मावशी, घर भरनं का?"

हे मला भूषणनं सांगितलं. कामावर न जाता मोटरसायकल घेऊन तो सकाळीच जळगावला आला होता. मेहरूणच्या कट्ट्यावर बसलो. उन्हानं पाणी चमकत होतं. त्यानं गाडीची चावी कट्ट्यावर ठेवली. मग म्हणाला, "माय बाजारमा जात नही आते." आणि माझ्याकडं न बघता, "कोनी करं हाई?"

काय अवघड होतं? एक शब्द. 'मी.' त्यानं थोबाडीत मारली असती, उठून गेला असता, कदाचित रडला असता. मी या सगळ्याला घाबरले. नुसती घाबरले, याला दुसरं नाव नाही. आणि माझ्या तोंडातून आलं, "हर्षालीनं. माझा फोन तिच्याजवळ होता."

श्रुतीचं नाव का नाही घेतलं? कारण श्रुती मला हवी होती. आणि हर्षाली त्या दिवशी हसली नव्हती.

भूषणनं मान हलवली. म्हणाला, "तिले काही बोलू नको. तिना काही दोष नही."

मला वाटलं, किती भोळा आहे, किती मोठ्या मनाचा! आठ दिवसांनी, एका दुपारी काउंटरवर गर्दी नव्हती तेव्हा, मी ते रेकॉर्डिंग इअरफोन लावून ऐकलं. ठेका थांबतो, आणि त्यानंतर, अगदी शेवटी, अर्धा सेकंद कुणीतरी हसतं. नाकातून सुरू होणारं, मधेच तुटणारं हसू. ते माझं आहे. जत्रेत डोळे बांधून उभा केला तरी मी हे हसू ओळखीन, असं तो मला म्हणायचा.

त्याला माहीत होतं. कट्ट्यावर येऊन बसला तेव्हाच माहीत होतं. मग त्यानं विचारलं कशाला? मी बोलावं म्हणून. आणि मी काय बोलले? 'तिना काही दोष नही' हे तो औदार्यानं म्हणत नव्हता. जे खरं होतं ते सांगत होता.

बरं, हे कळल्यावर तरी मी फोन केला? नाही. त्याला कळलंय हे मला कळलंय, हे मी त्याला कळू दिलं नाही. आम्ही भेटत राहिलो. हे त्याहून वाईट नाही का?

त्याच्यात एकच बदल झाला. त्यानं बोलून मेसेज पाठवणं बंद केलं. टाईप करायला लागला. 'जेवण झाले का?' 'झालं' नाही — 'झाले'. शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. भेटलो तरी तसंच. 'होय', 'नक्कीच', 'मला तसे वाटत नाही.' जपून, एकेक शब्द पुढं ठेवून, नव्या चपला घातल्यासारखा तो बोलायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुसरीकडं बघितलं. आणि दुसऱ्या वेळी — हे लिहायला हात धजत नाही — दुसऱ्या वेळी मला बरं वाटलं. आता याला कुठंही नेता येईल, असं वाटलं.

नेलंही. श्रुतीला भेटवलं, एका कॅफेत. तो इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसला, विचारलं तेवढंच बोलला. घरी येताना श्रुती म्हणाली, "डिसेंट आहे गं. कुठं लपवून ठेवला होतास?" तो आवाज गादीवर लोळून दहा वेळा ऐकलेली मुलगी — तिनं त्याला ओळखलं नाही. मला त्या वेळी सुटल्यासारखं झालं.

हर्षालीशी मी बोलणं तोडलं. तिची आणि भूषणची कधी गाठ पडली तर? तिनं सहज काही सांगितलं तर? ती डबा पुढं करायची, मी 'भूक नाही' म्हणायचे. महिनाभर तिनं प्रयत्न केला. माझ्या वाढदिवसाला उशीजवळ पेढे ठेवले. मी ते काउंटरवरच्या मुलींना वाटून टाकले. मग मी दुसरी खोली बघितली आणि सामान हलवलं. कारण सांगितलं नाही.

पुढचं काय सांगायचं? मला भूषणचा कंटाळा यायला लागला. ज्या माणसाचा मेसेज मी जिन्यात उभी राहून तीनदा ऐकायचे, तो माणूस मी स्वतःच्या हातांनी संपवला होता, आणि उरलेला मला बेचव लागत होता. पुण्याला नोकरी लागली. जळगावच्या बसस्टँडवर तो माझी बॅग वर ठेवायला आला. मी म्हटलं, "आपल्यात आता बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, भूषण." त्यानं बॅग नीट सरकवली, खाली उतरला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "हरकत नाही."

घरी भूषणबद्दल एव्हाना कळलं होतं. मी सांगितलं की त्याच्या घरच्यांना खेड्यातलीच सून हवी होती. माझी आई धुळ्यात चार बायकांसमोर त्याच्या आईला बोल लावत बसली — त्या बाईनंच मोडलं, तिलाच माझी पोर डोळ्यांत खुपली. मी शेजारी बसून ऐकलं. डोळे पुसले, तेही सगळ्यांना दिसतील असे.

भूषणचं लग्न झालं, एवढं कानावर आलंय. त्याची आई पुन्हा बाजारात बसते की नाही, मला माहीत नाही. विचारायला मी कुणालाही विचारू शकले असते.

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याला मामेबहिणीच्या लग्नात पंगतीला बसले होते, तर शेजारी कुणीतरी येऊन बसलं. हर्षाली. नवरदेवाकडून आली होती. जामनेरला शाळेत शिकवते आता. आम्ही नोकरीचं बोललो, पुण्याच्या भाड्याचं बोललो, श्रुती परदेशात गेली त्याचं बोललो. वरण-भात आला, गेला. मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू? तेव्हा माझं काही चुकलं होतं का गं? तू बोलायचीच थांबलीस. मी किती दिवस आठवत बसले, की मी असं काय बोलले असेन."

इतकी वर्षं ती स्वतःची चूक शोधत होती. मांडवात गलका होता, आमच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. सांगायला याहून बरी जागा मिळाली नसती, आणि ऐकायला याहून चांगलं माणूस.

मी म्हटलं, "वेडी आहेस का? कामाचा ताण होता गं तेव्हा, दुसरं काही नाही."

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. तिनं डाव्या हातानं माझा हात धरला आणि घट्ट दाबला.

मी तो धरू दिला.