इंजिनावर वाहिलेले तेल

माझ्या उजव्या पायावर माझा जेवढा भरवसा होता तेवढा आई भवानीवर होता की नाही, हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावर पडला, आणि तोही मोटार चालवताना. उमरग्यात माझे कापडाचे दुकान आहे. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर काही वर्षांनी तिथल्या एका सरदार घराण्याने आपली अमेरिकन मोटार काढून टाकली, ती मी घेतली. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप बदलत. लोकांना तो माझा थाट वाटला, आणि थोडा होताही. पण मुख्य कारण माझी पत्नी होती. मणक्याच्या दुखण्याने ती फार काळ अंथरुणाला खिळली होती. त्या आश्विनात सोलापूरच्या डॉक्टरांनी तिला प्रवासाची परवानगी दिली, मात्र पाठीला हिसका बसता कामा नये अशी ताकीद देऊन. बैलगाडी नको, एस. टी. नको, ही मोटार तेवढी पाळण्यासारखी चाले. आजारात तिने एकच आस धरली होती, की तुळजापुरी देवीसमोर स्वतःच्या पायांवर उभे राहून ओटी भरायची.

खंडेनवमीला आम्ही अवजारांची पूजा करतो. दुकानातली कात्री आणि लोखंडी गज दरवर्षी पाटावर मांडले जातात. त्या वर्षी वाटले, हिला देवीकडे नेणाऱ्या इंजिनालाही मान मिळावा. बोनेटला हळदकुंकू लावून माझे समाधान होईना. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून पाजणारा कार्बुरेटर मी सोडवून बाहेर काढला, देवाच्या उपकरणांसारखा चिंचेने घासून लखलखीत केला, पाटावर ठेवून फूल वाहिले, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवला आणि मग पुन्हा जागेवर बसवला. तेव्हापासून मोटारीचे बिनसले. धावताना ती निर्धास्त असे. उभी राहिली की इंजिन थरथरे आणि बंद पडे. अशा गाडीत ब्रेक दाबून नुसते थांबले तरी गिअरचा भार इंजिनावर राहतो, आणि मंद गतीत तो भार त्याला पेलवेना.

हमरस्त्यावर ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी एक स्क्रू पिळून ती मंद गती वाढवून दिली. "आता बंद पडंल तर माझं नाव बदला, शेठ," ते म्हणाले. बंद पडेना हे खरे. पण ब्रेक जरा सैल होताच मोटार आपणहून पुढे झेप घेऊ लागली. दुकानासमोर तिने कडब्याच्या गाडीत तोंड खुपसले, तेव्हा शेजारचे पानवाले ओरडले, "शेठजी, तुमच्या मोटारीला वैरण लागती व्हय?" सारा बाजार हसला. मी तो स्क्रू थोडा मागे फिरवला आणि नवी युक्ती केली. डावा पाय ब्रेकवर, उजवा सदा अ‍ॅक्सिलरेटरवर. उजव्या पायाने इंजिनाला जिवंत ठेवायचे आणि डाव्याने आवरायचे. आपण आहोत म्हणून हे चालले आहे, असे मला वाटू लागले.

दसऱ्यानंतर देवी श्रमनिद्रा घेते आणि कोजागिरीला जागी होते. पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर एका सकाळी आम्ही दोघे निघालो. मागच्या आसनावर उशांच्या आधाराने ती टेकून बसली होती, मांडीवर ओटीचे सामान आणि हिरव्या बांगड्यांचा पुठ्ठ्याचा डबा. ज्वारीची कोवळी शेते बघून ती लहान मुलीसारखी हरखून बोलत होती. जळकोट गेले. नळदुर्गच्या बाजारात मात्र पुढे बैलगाड्या आणि मागे ट्रक असे अडकलो. माझे दोन्ही पाय एकमेकांशी झगडू लागले. इंजिन गुदमरले, मी उजवा पाय दाबला, आणि मोटारीने असा हिसका दिला की मागून "आई गं!" ऐकू आले. आरशात पाहिले तर तिचा चेहरा पांढरा पडला होता.

गर्दीतून कशीबशी बाहेर काढून मी मोटार एका लिंबाखाली उभी केली. म्हणालो, "परत जाऊ. आणखी एक हिसका बसला तर तू पुन्हा अंथरूण धरशील."

डोळे मिटूनच ती म्हणाली, "अहो, जरा थांबू या की. थांबायचं म्हटलं की तुम्हांला आणि या गाडीला, दोघांनाही धाप लागते."

मी बोनेट उघडले. गिअर काढून, इंजिन बंद पडू नये म्हणून अ‍ॅक्सिलरेटरच्या दांडीत काडी अडकवली आणि त्याची ती थरथर पाहत उभा राहिलो. मनात प्रार्थना नव्हती. फक्त चीड होती. तेवढ्यात रस्त्याने एक आराधीण आली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, काखेत विझलेला पोत, देवीची मशाल.

"माय, आईच्या पोताला तेल घाल," तिने माझ्या पत्नीला म्हटले. देवीच्या दिव्यासाठी घेतलेली बाटली पत्नीने तिच्या हाती दिली. तिने पोत भिजवला आणि बोनेटखाली डोकावली. "अगं बया, हे हिवताप आल्यावाणी का कापतंय?"

"आजारीच आहे ते," पत्नी म्हणाली. "मालकांनी खंडेनवमीला न्हाऊ घातलं, तेव्हापासून."

"मग ह्येला बी घालू की दोन थेंब. आईचं तेल हाय."

"बाई, तिथं नको!" मी ओरडलो. पण मी चिंचेने घासलेला कार्बुरेटर तेवढाच त्या काळ्या पसाऱ्यात चकाकत होता, आणि तिला तोच देव वाटला असावा. तेल त्याच्यावरून ओघळत बुडाशी गेले. आणि इंजिन शांत झाले. थरथर थांबली, समईसारखे ते एका लयीत चालू लागले. काही क्षणांनी पुन्हा गुदमरले, मागून निळा धूर निघाला.

"पिलं की वो सगळं!" ती खदखदून हसली आणि पुन्हा तेल ओतले. पुन्हा तीच शांतता.

तेव्हा माझ्या ध्यानात आले. पूजेसाठी कार्बुरेटर उपसताना बुडाचे पुठ्ठ्याचे पॅकिंग फाटले होते. त्या फटीतून नको ती जादा हवा आत शिरत होती. तेलाने फट मिटली की इंजिनाचा श्वास सुधारत होता. मी मात्र इतके दिवस स्क्रू पिळत आणि पाय दाबत राहिलो होतो.

इंजिन निवेपर्यंत आम्ही तिघांनी लिंबाखाली दशम्या खाल्ल्या. बांगड्या रुमालात बांधून पत्नीने डब्याचा पुठ्ठा मोकळा केला आणि शिवणाच्या पिशवीतल्या कात्रीने, चोळी बेतावी तसे, पडल्यापडल्या नवे पॅकिंग बेतले. मी ते देवीच्या तेलात भिजवून बसवले, नट आवळले, वाढवलेला स्क्रू हळूहळू कमी करत आणला. इंजिन इतके मंद झाले की मागून प्रश्न आला, "बंद पडली का हो?"

"नाही. चालू आहे."

उजवा पाय उचलून घेताना मला भीती वाटली, हे कबूल करतो. मी तो उचलला. काही झाले नाही. आराधीण आमच्याबरोबर तुळजापूरपर्यंत आली, वाटभर गात. महाद्वाराशी उतरून "आई राजा उदो उदो" म्हणत ती गर्दीत मिसळली. तिचे नाव विचारायचे राहूनच गेले.

पायऱ्या उतरायला डोली मिळाली. गाभाऱ्यासमोर पत्नी उठून उभी राहिली, ओटी हाती घेतली आणि हळूच म्हणाली, "हात सोडा." माझा हात सुटेना. तोही त्या उजव्या पायाचाच भाऊ. अखेर मी सोडला. ती किंचित डोलली, मग स्थिर झाली. सुट्या बांगड्या पाहून पुजारीबुवांनी विचारले, "बाई, डबा कुठं आहे?"

"डबा आमच्या गाडीनं घेतला," ती म्हणाली, आणि देवीसमोर मनापासून हसली.

ते तेल तिथेच का पडले, याचा उलगडा मी करत बसत नाही. मिरवण्यासाठी घासलेली जागाच आईने बोट ठेवायला निवडली, एवढे मला पुरेसे आहे. आजही मोटार कुठे उभी राहिली की मी उजवा पाय मुद्दाम बाजूला घेतो. मागून हमखास प्रश्न येतो, "बंद पडली का हो?"

"चालू आहे," मी म्हणतो, आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात आपोआप जुळतात.