पिंजऱ्यातली रुई

गुलनार मन्सुरीला वणीत सगळे 'मछलीवाली बाजी', म्हणजे मासेवाली ताई म्हणूनच ओळखतात. वय त्रेचाळीस. लग्न करून यवतमाळला गेली होती. आठ वर्षांत मूल झालं नाही, आणि सासरच्यांनी दुसरी सून आणायचं ठरवलं तेव्हा ती स्वतःच बॅग भरून वणीला बापाकडे परत आली. त्याबद्दल ती फारसं बोलत नाही.

तिचे वडील अय्यूबभाई पिंजारी. बाजारात त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. तालुक्यात कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की गादीची रुई अय्यूबभाईंकडूनच पिंजून घ्यायची, असा एक काळ होता. पुढे फोमच्या गाद्या आल्या आणि दुकान अर्धं रिकामं पडलं. त्या अर्ध्या भागात गुलनारनं आधी माशांच्या काचपेट्या मांडल्या, मग लव्हबर्ड आणले, आणि चार वर्षांपूर्वी नागपूरहून हॅमस्टर. मुठीत मावणारा, गालांत दाणे भरून ठेवणारा तो प्राणी पाहायला शाळा सुटल्यावर पोरांची झुंबड उडायची.

हॅमस्टरला बिळासारखं काहीतरी लागतं, हे गुलनारच्या लगेच लक्षात आलं. रिकाम्या पिंजऱ्यात ते कोपऱ्यात अंग चोरून बसायचे. तिनं अब्बांच्या ढिगातली मूठभर रुई आत टाकली, आणि अर्ध्या तासात आतल्या जोडीनं तिचा गोळा करून आत झोपही काढली. अय्यूबभाईंना ते पाहून इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवसापासून ते हॅमस्टरसाठी वेगळी रुई पिंजायला बसले. कणभरही कचरा नाही, सरकीचा तुकडा नाही. छोट्या पारदर्शक पिशव्यांत ती भरायची आणि विकलेल्या प्रत्येक जोडीबरोबर द्यायची. पोरं त्याला 'गादी' म्हणायची. सत्तरी ओलांडलेल्या, खोकल्यानं बेजार झालेल्या त्या माणसाला सकाळी उठून दुकानात यायला तेवढंच एक काम उरलं होतं.

गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी वैष्णवी नावाची सातवीतली मुलगी आईबरोबर दुकानात आली. हातात बुटांचा खोका. खोक्यात इथूनच नेलेला तिचा हॅमस्टर एका अंगावर पडलेला, मागचा एक पाय सुजून काळा झालेला.

"बाजी, हा दोन दिवसांपासून चालूनच नाई राह्यला," वैष्णवी म्हणाली. "मी पाडलं नाई त्याले. खरंच नाई पाडलं."

गुलनारनं त्याला तळहातावर घेतलं. पाय गार लागला. उजेडात धरून पाहिलं तर मांडीपाशी काहीतरी पांढरं रुतलेलं दिसलं, केसाहून बारीक. तिनं नखानं ओढून पाहिलं. हॅमस्टर किंचाळला. एवढ्याशा जिवातून असा आवाज निघतो हे तिला माहीत नव्हतं.

गुरांच्या डॉक्टरांनी उंदराला हात लावला नसता, म्हणून ती दोघींना घेऊन डॉक्टर नयन गेडाम यांच्याकडे गेली. नयन नुकतीच शिकून आलेली, स्टँडच्या मागच्या गल्लीत पाळीव प्राण्यांचा छोटा दवाखाना. तिनं भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"कापसाचा धागा आहे," ती म्हणाली. "पायाभोवती तीन-चार वेढे बसलेत. रक्त थांबलं. पाय नाही वाचणार, पण जीव वाचवता येईल."

वैष्णवी रडायला लागली. तिच्या आईनं विचारलं, "म्याडम, कापूस तर एवढा नरम असते. त्यानं असं कसं होईन?"

"आपल्याला नरम. याचा पाय काडीएवढा. त्यात हे प्राणी अंथरूण कुरतडतात, गालात भरतात. कापूस पोटात गेला की पचत नाही, आतडं बंद होतं. पिंजऱ्यात कापूस नको, लोकर नको, सुताचं काहीच नको. कोणी दिला हा?"

वैष्णवीनं गुलनारकडे पाहिलं. तिच्या नजरेत आरोप नव्हता, बाजीच उत्तर देईल असं तिला वाटलं एवढंच. गुलनार म्हणाली, "बाजारात मिळते असा." आणि खाली बघून ओढणी नीट करत राहिली.

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, ते तिला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

तीन दिवस ती गप्प राहिली. घरी जेवणं नेहमीसारखी झाली. सकाळी अब्बा नेहमीसारखे पिंजायला बसले. स्वतःच्या दुकानातल्या पिंजऱ्यांतली रुई तिनं अब्बा नमाजला गेले तेव्हा गुपचूप काढली आणि त्या जागी वर्तमानपत्राचे तुकडे टाकले. पण मनात एक एक गोष्ट वर यायला लागली. मुकुटबनच्या विमलताईंनी मागच्या उन्हाळ्यात फोन केला होता, दोन्ही हॅमस्टर पोट फुगून मेले म्हणून. "ऊन लागलं असन ताई," असं तिनंच सांगितलं होतं. ढाणकीचा एक माणूस कोळशाच्या ट्रकवर वणीला यायचा, तो घरी लेकीसाठी दोन जोड्या घेऊन गेला होता. त्याला तर अब्बांनी कौतुकानं मोठी पिशवी भरून दिली होती.

चौथ्या दिवशी ती काचपेटीचं पाणी बदलत असताना एक गिऱ्हाईक आलं, आणि तिनं हात पुसेपर्यंत अय्यूबभाईंनी स्वतः उठून जोडी दिली. वर रुईची पिशवीही दिली. "खास पिंजली हाये," ते म्हणाले. गुलनारच्या हातात पाण्याचा मग तसाच राहिला. गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं, कोपऱ्यावर वळलं, आणि मग ती ओल्या हातांनीच धावत सुटली. गल्लीच्या तोंडाशी तिनं त्या गिऱ्हाईक बाईंना गाठलं.

"ती पिशवी द्या ताई. त्यात किडे निघाले."

पिशवी घेऊन ती परतली तेव्हा अय्यूबभाई दारात उभे होते. पिशवी का परत आणली म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं त्यांनाही किड्यांचंच सांगितलं.

"माझ्या रुईत किडे?" ते म्हणाले. "कधीपासून?"

मग तिनं सगळं सांगितलं. सांगायला हवं तसं नाही सांगितलं. भीतीनं आवाज चढला, आणि शेवटी ती म्हणून गेली, "अब्बा, तुमच्या रुईनं जीव घेतले!"

अय्यूबभाई आत जाऊन आपल्या जागेवर बसले. "सारी जिंदगी रुई पिंजली," ते हळूच म्हणाले. "बाळंतिणीच्या खाली घातली, मयताच्या नाकात घातली. कोनाले त्रास नाई झाला." खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. गुलनारनं पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी ढिगातून चिमूटभर रुई उचलली, दोन बोटांत पीळ दिला, धागा काढला आणि आपल्या करंगळीभोवती गुंडाळून ओढला. धागा तुटला नाही. बोटाचं टोक लाल झालं. पुन्हा ओढला. ते कारागीर होते. त्यांना डॉक्टरची गरज पडली नाही.

"लांब तारेचा माल हाये, तंतू तुटत नाई," ते म्हणाले. "म्हून तर गादी वर्षानुवर्षं टिकते." आणि करंगळीचा धागा सोडवत बसले. "बंद कर बेटा. आन ज्याले ज्याले दिली त्याले सांग."

गुलनार आधी वैष्णवीच्या घरी गेली. दारातच उभी राहून म्हणाली, "तो कापूस माझ्याच दुकानातला होता. त्या दिवशी मी खोटं बोलली."

वैष्णवीची आई तिच्याकडे पाहत राहिली. "पोरीनं तेव्हाच सांगतलं होतं मले," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाजी कायले लपवीन?" तिनं गुलनारला बसायला सांगितलं नाही. आतून वैष्णवीनं हॅमस्टर आणून दाखवला. तो तीन पायांवर, जरा तिरका, पण भरभर चालत होता.

गिऱ्हाइकांच्या वहीत मिळाले तेवढ्या नंबरांवर गुलनारनं फोन केले. कुणी हसलं, कुणी म्हणालं "उंदीरच तर होते," कुणी खडसावलं. मुकुटबनला मात्र प्रत्यक्ष जायचं असं अय्यूबभाईंनी ठरवलं, आणि खोकत खोकत तेही एसटीत चढले.

विमलताई अंगणवाडीत सेविका. त्यांनी दोघांना ओसरीवर बसवलं, चहा ठेवला. ऐकून झालं तेव्हा त्या चहा गाळता गाळता थांबल्या.

"माझ्या अंकुरनं चार दिवस जेवण सोडलतं," त्या म्हणाल्या. "मी त्याले रागावली. म्हटलं, तू उन्हात ठेवलं असन. मार खाल्ला त्यानं माझ्या हातचा. तुम्ही उन्हाचं सांगतलं म्हून."

"चूक झाली ताई," गुलनार म्हणाली.

"तुमची चूक तुम्ही येऊन सांगतली. मी त्याले काय सांगू?"

अय्यूबभाईंनी हात जोडले. विमलताईंनी त्यांना तसं करू दिलं नाही. चहा तसाच राहिला. बापलेक परतीच्या एसटीनं वणीला आले.

मग प्रश्न उरला, पिंजऱ्यात घालायचं काय? गुलनार पुन्हा नयनकडे गेली, या वेळी वही घेऊन. लाकूड कापायच्या आरामशीनचा भुसा चालेल का? नयन म्हणाली, सागाचा बारीक भुसा नाकात जातो, त्यात लाकडाला वाळवीचं औषध मारलेलं असलं तर विचारूच नका. आणि पॅकिंगची खोकी करतात त्या उग्र वासाच्या लाकडाचा कीस तर श्वासाला आणखी वाईट. गवत? फवारलेल्या शेताच्या धुऱ्या-बांधावरचं नको. वर्तमानपत्र? शाई अंगाला लागते, मग तेच अंग ते चाटतात. शेवटी उरला बिनछपाईचा, बिनवासाचा पांढरा टिश्यू कागद. हातानं फाडलेल्या लांब पट्ट्या, आणि त्यांचा थर वीतभर उंच, म्हणजे हॅमस्टरना बीळ करता येतं. ओला कोपरा रोज काढायचा. एवढीशी गोष्ट, आणि ती चार वर्षं कुणाला विचारावी असं आपल्याला वाटलंच नाही, हे गुलनारला झोंबत राहिलं. रुई घरची होती, म्हणून विचारलं नाही.

पट्ट्या फाडायचं काम तिनं अब्बांपुढे ठेवून पाहिलं. "कागद फाडाले पिंजारी कायले पायजे?" ते म्हणाले. त्यात राग नव्हता. ते सकाळी दुकानात येईनासे झाले. घरी पलंगावर बसून खिडकीबाहेरच्या ट्रकांकडे पाहत राहतात. पिंजायचं यंत्र गुलनारनं झाकून ठेवलं आहे. विकायचं का, हे विचारायची तिची हिंमत होत नाही.

ढाणकीच्या माणसाचा नंबर बंद होता. मे महिन्यात ती दोन गाड्या बदलून ढाणकीला गेली, बाजारात दुकानोदुकानी विचारत फिरली. ट्रकवाला, लेक आहे, वणीला यायचा, एवढंच माहीत. गुरांच्या ढेपेच्या दुकानातला माणूस हसला, "उंदरासाठी एवढ्या लांब आलात?" तरी त्यानं तिचा नंबर एका पुठ्ठ्यावर लिहून घेतला आणि वजनकाट्यामागे खोचला.

तीन आठवड्यांनी एका बाईचा फोन आला. त्या ट्रकवाल्याची बायको. तो आता दुसऱ्या राज्यात गाडी चालवतो, म्हणाली. हॅमस्टर? ते तर कधीचेच मेले, एकामागून एक, चारही. पोटं फुगली होती.

गुलनारनं कापसाचं सांगितलं.

"आमची खुशी समजते का तिनं जास्त शेंगदाणे चारले," ती बाई म्हणाली. "अजून म्हणते. घरी मांजराचं पिल्लू आनलं तर हात लावत नाई त्याले. म्हणते, माह्या हातानं मरते."

"तिले फोन द्या," गुलनार म्हणाली.

फोनवर श्वासाचा आवाज आला. गुलनार म्हणाली, "खुशी, मी वणीची मछलीवाली बाजी. शेंगदाण्यानं नाई मेले ते. मी दिलेल्या कापसानं मेले. तुझ्या हातानं काहीच नाई झालं."

"तुम्हाले माहीत नव्हतं?" मुलीनं विचारलं.

"नव्हतं. विचारलं असतं तर समजलं असतं. मी विचारलं नाई."

मुलीनं फोन आईला दिला, आणि तिची पावलं आत कुठंतरी निघून गेल्याचं गुलनारला ऐकू आलं.