खाकीतली सवाशीण

पोलीस दारात येणं म्हणजे आमच्याकडं अब्रू जाणं. मी लग्न होऊन कोऱ्हाळ्यात आले तेव्हा बांधाचं भांडण असो की शेळीची चोरी, पोलीस पाटील पारावर बसून मिटवायचे. खाकी दिसायची ती फक्त जत्रेत. आता बारामतीकडं कंपन्या वाढल्या, भाड्याच्या खोल्या वाढल्या, कुठली कुठली माणसं राहायला आली. चौकात कॅमेरे लागले. कॉलेजच्या पोरींसाठी बायका पोलिसांचं पथक आलं. हे सगळं मी लेकीकडून ऐकायची आणि कामात विसरून जायची.

गेल्या मार्गशीर्षात लेक गप्प झाली. बारामतीच्या स्टँडपासून कॉलेजपर्यंत एक पोरगा रोज तिच्या मागं चालायचा, नको ते बोलायचा. तिनं मला सांगितलं तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना कळलं असतं तर कॉलेजच बंद झालं असतं. पुतणीचं असंच झालं होतं. लेकीची एसटी येईपर्यंत मी नुसती आत-बाहेर करायची. शेवटी लेकीनं स्वतःच पथकाला फोन केला.

गुरुवार होता. लक्ष्मीचा घट मांडला होता. शेजारची जाऊ हळदीकुंकवाला येऊन बसली होती. तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली आणि खाकीतली बाई उतरली. जावेसमोर काय सांगावं कळेना. तोंडातून आलं, "या, कुंकू लावून घ्या."

ती गोंधळली. मग बूट काढून, टोपी मांडीवर घेऊन जावेशेजारी बसली.

"मंगळसूत्र कुठाय वो बाई?" जावेनं विचारलं.

"खिशात हाय. चोरानं माझंच ओढलं, तर मी तक्रार कुणाकडं द्यायची?"

जाऊ खदाखदा हसली. मी कुंकू लावलं, हातात केळं दिलं. वाटलं, ती कशाला आली ते झाकलं गेलं.

बाई म्हणाली, "ताई, आता पोरीचा जबाब घ्यायचाय. तुमी जवळ बसा."

जावेचं हसू थांबलं. ओसरीवरनं आबांचा आवाज आला, "जबाब? पोलिसाला कुणी बोलावलं?"

लेक बोलायला गेली. मी तिचा हात दाबला. आबांशी मी आजवर पदराआडून 'व्हय' आणि 'न्हाय' एवढंच बोलले होते.

"मी बोलावलं, आबा. एक पोरगा रोज हिच्या मागं येतोय. वाईट तो वागलाय, ही न्हाय. ही उद्या कॉलेजला जाणार."

आबा तंबाखू मळत राहिले. बाईनं वही उघडून जबाब लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी लेक गेली. संध्याकाळी बघते तर आबा काठी घेऊन फाट्याकडं निघालेले. थोड्या वेळानं परत आले.

"गाडी लेट हाय," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा फाट्याकडं वळले.

मी चुलीवरचं भांडं उतरवलं, डोक्यावर पदर घेतला आणि त्यांच्यामागं निघाले.