तेइशो: नाव एक, घराणी दोन

२००६ सालच्या ऑगस्टमधला दुसरा शनिवार. पैज दहा सिंगापूर डॉलरची. हजर: मी, बायको, आमची बारा वर्षांची मुलगी आणि माझ्या ऑफिसातला एक सहकारी. जागा: जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल.

सहकारी स्पेनच्या गालिसिया प्रांतातला. त्याच्या गावात यू नावाच्या सदाहरित झाडाला ‘तेइशो’ म्हणतात आणि बिळात राहणाऱ्या, पट्टेरी तोंडाच्या बॅजरलाही तेइशोच. हा प्राणी त्या झाडाच्या मुळांशी बीळ करतो, म्हणून झाडाचं नाव त्याला पडलं, असं त्याची नव्वदीची आजी सांगे.

“नो लाह, अंकल,” मुलगी सिंगापुरी ढंगात म्हणाली. “सातव्या मजल्यावरच्यांचं आणि आमचं सरनेम सेम आहे. त्यांची पत्रं आमच्याकडे येतात. म्हणून ते आमचे रिलेटिव्ह झाले का?”

पैज लागली: दोन्ही नावं मुळात एकच की वेगळी? मुलीचे दहा डॉलर म्हणजे तिची सगळी शिल्लक. सहकाऱ्याने तर आजीचा शब्दच पणाला लावला. हरलो तर आजीला फोन करून खरं सांगेन, असं तो बोलून बसला. पंच मी.

मी दोन शनिवार लायब्ररीत बसून तीन कोश तपासले.

“अहो, मला बघायला आलात तेव्हा एवढी चौकशी केली होती का?” बायको म्हणाली.

निकाल असा: झाडाचं नाव मूळ लॅटिन. प्राण्याचंही लॅटिनमधूनच आलं, पण लॅटिनने ते बहुधा जर्मन कुळातल्या भाषांकडून उचललेलं. म्हणजे दोन वेगळे शब्द झिजत झिजत सारखे झाले. ‘बहुधा’ मी दोनदा वाचला, पण सहकाऱ्याने दहाची नोट काढली. फोन करायचा मात्र तो टाळू लागला.

त्याच्या पुढच्या शनिवारी मुलीने त्याच नोटेचं फोनकार्ड आणलं. “मी सांगते. तुम्ही ट्रान्सलेट करा.”

आजीने सातव्या मजल्यासकट सगळं ऐकून घेतलं आणि ती खळखळून हसली. सहकारी भाषांतर करू लागला, “ती म्हणते, कोशवाल्यांनी आमचं झाड पाहिलंय का? बीळ अजून तिथेच आहे. आणि विचारते, त्या सातव्या मजल्यावरच्यांना तुम्ही कधी जेवायला बोलावलंत का?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे.

दहा डॉलर शेवटी एमआरटी स्टेशनखालच्या फोनकार्डवाल्याला पोचले.