आत्याचा अंगठा

परवा पोस्टात शाईच्या गादीचा वास आला आणि माझा हात आपोआप मागे सरला.

मुळशीचं धरण होत होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुटीत पुण्याच्या एका पेढीत उमेदवारी मिळाली होती. तिथला दाखला मिळाला तर पुढे नोकरीची आशा होती. जमिनी गेलेल्यांना मोबदला मिळाला होता, आणि तो ठेवीत घ्यायला पेढीने आमच्याच गावच्या चावडीत टेबल मांडलं होतं. कागदावर अंगठे घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

सातजण झाल्यावर माझी आत्या पुढे आली. मी तिचा भेगाळलेला अंगठा गादीवर दाबला आणि का कोण जाणे, थांबलो.

“आत्ये, वाचून दाखवू का?”

“तू हायेस न्हवं हितं? मग मला कशाला इचारतोस?”

पेढीचे हेडकारकून खेकसले, “वाचत काय बसताय? रांग बघा!”

तिचा हात तसाच धरून मी कागद मोठ्याने वाचला. पाच वर्षं पैसे काढता येणार नाहीत, असं शेवटच्या ओळीत होतं.

“पाच वर्सं? आन् तवर खाऊ काय, तुजी पुस्तकं?” आत्याने अंगठा लुगड्याला पुसला. मागची रांग मोडली. दाखला अर्थातच मिळाला नाही.

त्या धैर्याचा मला कित्येक वर्षं अभिमान वाटत असे. आता मात्र तिच्या आधीचे सात अंगठे आठवतात. तेही मीच धरून टेकवले होते, आणि त्यांतल्या कुणालाही मी कागद वाचून दाखवला नव्हता.