आख्खी बशी

सुंदराचं काम बघायचं असेल तर सुरतेत पतंग उडवणाऱ्या एखाद्या घराशी ओळख पाहिजे. कारण तिचं सगळं काम लोकांच्या गच्च्यांवर आहे. टाइल्सच्या तुकड्यांची फरशी, चायना मोझेक म्हणतात इकडे तिला. पांढरी असते, ऊन परतवते, म्हणून घरं थंड राहतात. बाकीचे कारागीर नुसते पांढरे तुकडे बसवून मोकळे होतात. सुंदरा मधोमध मोर काढते, कमळ काढते, कोपऱ्यांत कैऱ्या काढते. मग घरमालक वर कुलूप लावतो आणि तो मोर वर्षभर कबुतरांच्या स्वाधीन होतो. वर्षातून एकदा, उत्तरायणाच्या म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दिवशी, अख्खी सुरत गच्चीवर चढते, तेव्हा काय ते प्रदर्शन.

मी उधन्याच्या मराठी शाळेत शिकवायचे आणि सुंदराच्याच गल्लीत राहायचे. गल्ली म्हणजे खानदेशातून मागावर कामाला आलेल्या बासष्ट घरांची, सगळी पत्र्याची. मला 'बाई' म्हणून मान होता आणि 'बाईंना लवकर राग येतो' अशी ख्यातीही होती. दोन्ही खरं होतं.

सुंदरा अमळनेरकडची. लग्न होऊन आली तेव्हा नवरा भटू मागावर होता, ही बांधकामावर घमेली वाहायची. एकदा मुकादमाने तिला टाइल्स फोडायला बसवलं. मोरबीहून कारखान्यातला फुटका माल पोत्यांनी यायचा, तो हातोडीने अजून बारीक करायचा. इतर बायका फोडत तेव्हा चुरा व्हायचा. सुंदराच्या हातून तुकडा हवा तसा पडायचा, कसा ते तिलाही सांगता येत नसे. एका गच्चीच्या कोपऱ्यात तिने कुणाला न विचारता हिरव्या तुकड्यांची कैरी बसवली. मालकाने पाहिली. आता हिची काही धडगत नाही, असं भटूला वाटलं. मालक म्हणाला, उरलेल्या तीन कोपऱ्यांचं काय? तिथून तिची सुरुवात झाली. पुढे भटूने माग सोडला आणि तो तिच्या हाताखाली माल कालवायला लागला. हे तो स्वतःच हसत सांगायचा.

मोठी कामं यायला लागल्यावर तिने आनंदाला जोडीला घेतलं. आनंदा ट्रकांवर नंबर आणि कमळं रंगवायचा. तो खडूने चित्र आखायचा, सुंदरा भरायची, आणि दोघं दिवसभर भांडायची. एका कापडवाल्या शेठला गच्चीवर सिंह हवा होता. आनंदाने सिंह आखला, सुंदराने आयाळ भरली, आणि शेठच्या नातीने खुशाल त्याला यू यू केलं. आनंदा म्हणाला, भरताना बिघडलं. सुंदरा म्हणाली, आखतानाच कुत्रा होता, मी निदान त्याला केस तरी दिले. शेठला मात्र तो सिंह इतका आवडला की त्याने भावाच्या गच्चीसाठी दुसरा सांगितला.

शहाण्णव सालच्या उत्तरायणाला पर्वत पाटिया भागातल्या सविताबेननी सुंदराला बोलावलं, त्यांच्या गच्चीवर तिने मोर काढला होता. गच्चीवरच्या कामाच्या बाईला सणाचं बोलावणं आल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. एकटीने जायला संकोच वाटतो म्हणून ती मला घेऊन गेली. वर पन्नासेक माणसं, लाउडस्पीकर, उंधियू, जलेबी. सविताबेन कडेपर्यंत येऊन म्हणाल्या, "आवो ने सुंदराबेन, वच्चे आवो," मधे या म्हणून. सुंदरा कठड्याला चिकटून उभी. चप्पल जिन्यातच काढून आलेली. तिच्या मोरावर पोरं नाचत होती, मोराच्या डोळ्यावर कुणाची तरी जलेबी पडली होती, आणि ही गुपचूप हसत होती.

परतताना रिक्षात म्हणाली, "बाई, मी बनवते आणि खाली उतरते. परत दिसतच नाही. आपल्या गल्लीत एक तरी करायचंय. दारातून रोज दिसेल असं." मग स्वतःच म्हणाली, "पण आपल्याकडे पत्रे. करू कुठं?"

जागा उन्हाळ्यात सापडली. चौऱ्याण्णवच्या प्लेगपर्यंत गल्लीच्या तोंडाशी उकिरडा होता. नंतर शहराची साफसफाई झाली तेव्हा तो उचलला गेला, आणि तो चौक रिकामा पडून होता. गल्लीच्या मंडळाने ठरवलं, तिथे ओटा बांधायचा आणि श्रावणातली कानबाई त्यावर बसवायची. कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी, रविवारी येते आणि सोमवारी वाजतगाजत जाते. आजवर ती भागीरथीमायच्या खोलीत बसायची. खोलीत देवी आणि चार बायका मावायच्या, बाकीची गल्ली बाहेर माना उंच करून.

मंडळाचा प्रमुख हेमराज. त्याला दुकानातल्या फुलाफुलांच्या तयार टाइल्स बसवायच्या होत्या. मी म्हटलं, घरात कारागीर असताना दुकान कशाला? सगळ्यांनी माना हलवल्या. सुंदरा मागे बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात भागीरथीमाय बोलली. सत्तरी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि कानबाईच्या बाबतीत तिच्यापुढे हेमराजचंही चालत नसे.

"देवीले फुटेल चालत नही," ती म्हणाली. "माय काय फुटेलवर बसी का?"

माझा तिळपापड झाला. मी म्हटलं, ही जुनाट समजूत आहे, अमकं आहे, तमकं आहे. शाळेतल्या आवाजात म्हटलं. त्यामुळे झालं इतकंच की ज्या दोघीतिघी सुंदराच्या बाजूने बोलणार होत्या त्याही भागीरथीमायकडे सरकल्या. माझ्या तोंडाने आजवर केलेल्या नुकसानांत याचा नंबर वरचा आहे.

चार दिवस सुंदरा नुसती कामावर गेली आणि आली. पाचव्या दिवशी ती भागीरथीमायच्या दारात जाऊन बसली. मी तिथेच नळावर होते.

"माय, आख्खं दिधं ते चाली?"

म्हातारीने बराच वेळ विचार केला. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या भाकरीसाठी, घरातल्या माणसांच्या हिशेबाने गहू काढतात. एकही माणूस त्यातून सुटत नाही. ते तिच्या मनात आलं असावं.

"घरपती एक बशी," ती म्हणाली. "आख्खी. रोटना गहू देतस तशी. देवीले वाहानी. मंग तू आनी तुनी हातोडी."

आणि गल्लीने घरटी एकेक अशा बशा आणल्या. हळदकुंकू लावून, ताटात ठेवून, ओवाळून आणल्या. मला वाटलं होतं टवका उडालेलं काहीतरी खपवतील. कुणीही खपवलं नाही. शोभाबाईने लग्नातल्या सहांपैकी उरलेली एकुलती गुलाबाची बशी आणली. धुडकू एकटा राहायचा, कपबशी नव्हती, तो बाजारातून नवी घेऊन आला. मी निळ्या फुलांची दिली, आणि देताना जरा जिवावर आलं हे कबूल करते.

ओटा बांधून झाला होता. सुंदरा दगडापुढे बसली, पहिली बशी ठेवली, ती नेमकी शोभाबाईची होती. हातोडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. पुन्हा उचलली. भोवती सगळी गल्ली जमलेली.

"मना हात उठत नही, बाई," ती माझ्याकडे बघून म्हणाली. आणि रडायला लागली. "पंधरा वर्षं फुटलेलंच फोडत आले मी. चांगली वस्तू कधी फोडली नाही. कशी फोडू?"

भटू पुढे झाला, त्याचाही हात अडला. शोभाबाई म्हणायला लागली की फोड, काही नाही, आणि म्हणताना स्वतःच तोंड फिरवून उभी राहिली. हेमराजने हळूच तयार टाइल्सचा विषय काढला. मला वाटलं, संपलं. सुंदराचा ओटा राहिला.

मग काठी वाजली. भागीरथीमाय आली, पदराआडून तिने एक बशी काढली. पांढरी, निळ्या काठाची, गावाहून आणलेली. तिचा नवरा मरेपर्यंत त्याच बशीत चहा ओतून प्यायचा, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ती चाचपडत दगडापाशी बसली.

"रडस कसाले? आन ती हातोडी."

पहिला घाव दगडावर बसला. बशी टुणकन उडाली, गोल फिरली आणि आख्खीच्या आख्खी सुंदराच्या मांडीत जाऊन पडली. एक क्षण कुणाला कळेना काय करावं. मग भागीरथीमायच हसली आणि सगळी गल्ली खदाखदा हसली. सुंदराने डोळे पुसले, बशी पुन्हा दगडावर ठेवली आणि म्हातारीचा हात धरून नेमका जागेवर आणला. दुसऱ्या घावाला चार तुकडे झाले.

"आते ती देवीनी व्हयनी," भागीरथीमाय म्हणाली. "तू तुनं काम कर."

पुढे तासभर जो काय गोंगाट झाला तो विचारू नका. जिची बशी तिनेच फोडायची, असं न ठरवताच ठरलं. बायकांची रांग लागली. शोभाबाईने डोळे मिटून गुलाबाचा भुगाच केला, आणि सुंदरा ओरडली, "अहो वहिनी, थोडं मला ठेवा." मीसुद्धा फोडली. वर्गातल्या पस्तीस पोरांवर वर्षानुवर्षं गिळलेला राग त्या एका बशीवर काढला, फार बरं वाटलं.

ओट्यावर तिने मोर काढला, आनंदाने आखलेला आणि भांडून भरलेला. शोभाबाईचे गुलाब पिसाऱ्यात गेले. धुडकूची बशी मोराचा डोळा झाली, त्यानंतर महिनाभर तो छाती काढून चालत होता.

श्रावणातल्या त्या सोमवारी, कानबाई निघून गेल्यावर, रिकाम्या ओट्यावर सगळे वाकून आपापला तुकडा शोधत होते. हा आमचा, तो तुमचा. भागीरथीमाय कडेला उभी. तिला काहीच दिसत नव्हतं.

"मनी बशी कोठे शे वं?"

सुंदराने तिचा हात धरला, मोराच्या पायाशी नेऊन खाली बसवलं आणि बोटं फरशीवर टेकवली. देवीचा चौरंग दोन दिवस जिथे होता त्याच्या अगदी पुढे. बाकी सगळी फरशी सपाट होती. तिथे मात्र एक उथळ खळगा होता. सुंदराने ते चार तुकडे आणखी फोडलेच नव्हते. काठाला काठ जुळवून जसेच्या तसे बसवले होते, मधे फक्त पांढऱ्या सिमेंटची बारीक रेघ. आदल्या दिवशी आम्ही त्यातच दिवा ठेवला होता, आणि ती काय वस्तू आहे हे आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नव्हतं.

म्हातारीची बोटं काठावरून एकदा फिरली. मग पुन्हा फिरली.

"आख्खी शे वं," ती म्हणाली.

आणि तिथेच मांडी घालून बसली. बराच वेळ उठेना. सुंदरा तिच्या शेजारी बसली. समोर सुंदराचं दार उघडं होतं. तिथून ओटा नीट दिसतो की नाही ते तिने मान वळवून एकदा बघून घेतलं. मग भागीरथीमाय म्हणाली, "च्या ठेव वं, सुंदरा." सुंदरा चहा ठेवायला गेली आणि दारातूनच हसत ओरडली की आता गल्लीत कुणाकडे बशी नाही, वाटीतच प्यावा लागेल.